‘बर्फाचे टायर’ म्हणून गळ्यात मारलेला सेट

मागच्या चाकांवर चालणारी गाडी आणि हिवाळाभर रस्त्यावर बर्फ, असा योग ज्यांच्या वाट्याला आलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. विंटर टायर म्हणून मला जो सेट विकला गेला त्यात चार टायर होते आणि चारांपैकी एकही सांगितल्याप्रमाणे नव्हता. पुढचे दोन एका तऱ्हेने खोटे, मागचे दोन दुसऱ्या तऱ्हेने. दोन जोड्या मिळून जी टोपी घातली गेली ती मात्र फक्त रिअर व्हील ड्राइव्हवाल्यालाच घालता येते. म्हणून सविस्तर सांगतो.

रिअर व्हील ड्राइव्हवाला गिऱ्हाईक दुकानात शिरतो तोच धास्तावलेला असतो. गाडीचं इंजिन पुढे, ओढ मागच्या चाकांना, आणि त्या चाकांवर गाडीचं निम्मं किंवा त्याहूनही कमी वजन. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत निदान इंजिनाचा भार ओढणाऱ्या चाकांवरच बसलेला असतो. आपल्याकडे तो नाही. ॲक्सिलेटर जरा जास्त दाबला गेला की मागची चाकं घसरतात, गाडी शेपूट मारते आणि तोंड भलतीकडे वळतं. हे ज्याने एकदा अनुभवलंय त्याला दुकानदार जे दाखवेल ते हवंच असतं. विकणाऱ्यांना हे पक्कं ठाऊक असतं.

बोलणं सुरू झालं ते जुन्याच मंत्राने. ‘ओढ मागे आहे ना, मग मागचे दोनच विंटर टाका, पुढे आहेत ते चालतील.’ हे पहिलं गंडवणं, आणि ते अजून सर्रास चालतं. ब्रेक दाबला की गाडीचा भार पुढे जातो आणि थांबवायचं बहुतेक काम पुढची चाकं करतात. वळवायचं काम तर पूर्ण त्यांचंच. मागे विंटर आणि पुढे उन्हाळी टायर असले तर गाडी निघते झकास, पण थांबत नाही आणि वळत नाही. मी चार हवेत म्हटल्यावर तो लगेच वळला. ‘मग तयार सेट आहे, रिमसकट. लावायचा आणि निघायचं.’

आता इथे नीट लक्ष द्या. माझ्या गाडीला पुढे आणि मागे वेगळ्या मापाचे टायर येतात, मागचे जास्त रुंद. बऱ्याच रिअर व्हील ड्राइव्ह गाड्यांत असं असतं. त्यामुळे सेटमधल्या पुढच्या आणि मागच्या टायरची नक्षी वेगळी दिसली तेव्हा त्याच्याकडे उत्तर तयार होतं, ‘माप वेगळं, म्हणून मॉडेल वेगळं. या रुंदीत तो पॅटर्न येतच नाही.’ ऐकायला अगदी पटण्याजोगं. मग त्याने पुढच्या टायरवरचं चिन्ह बोट ठेवून दाखवलं : तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाची चांदणी. चिन्ह खरं होतं. त्यानंतर मागच्या टायरवर हात फिरवून म्हणाला, ‘हे बघा, कोरे. केससुद्धा गेलेले नाहीत.’ साच्यातून निघताना रबराचे जे बारीक केस राहतात ते खरोखर होते. थोडक्यात, चिन्ह एका जोडीवर दाखवलं आणि कोरेपणा दुसऱ्या जोडीवर. पाहणाऱ्याच्या डोक्यात दोन्ही गोष्टी चारही टायरना लागू होतात. हातचलाखी म्हणतात ती हीच.

बर्फ पडला आणि पितळ उघडं पडलं. घराजवळच्या साध्या चढावर थांबून पुन्हा निघताना मागची चाकं जागच्या जागी गरगरायला लागली, डॅशबोर्डवरचा घसरणाऱ्या गाडीच्या चित्राचा पिवळा दिवा लुकलुकायला लागला. चढावर भार मागे सरकतो, म्हणजे मागच्या चाकांच्या गाडीला तिथे उलट मदतच व्हायला हवी. तरीही पकड शून्य. उतरताना त्याहून वाईट : स्टिअरिंग वळवलं, चाकं वळली, गाडी सरळच गेली. वेग चालण्याएवढा होता म्हणून कडेच्या बर्फाच्या ढिगात नाक खुपसून थांबली. चाकं गरगरू न देणारा ट्रॅक्शन कंट्रोल, गाडी भरकटू न देणारी ईएससी, सगळं चालू होतं. पण ही यंत्रणा असलेली पकड वाटून देते, नसलेली पकड आणणार कुठून?

दुसऱ्या एका वर्कशॉपमध्ये गाडी लिफ्टवर चढवली. तिथल्या मेकॅनिकने बाहेरून काही पाहिलंच नाही. बॅटरी घेऊन गाडीखाली गेला आणि टायरची आतली बाजू वाचायला लागला. प्रत्येक टायरवर ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणारा एक कोड असतो. त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायर बनल्याची तारीख : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. हा पूर्ण कोड बऱ्याचदा टायरच्या एकाच बाजूला असतो, दुसऱ्या बाजूला तारखेशिवायचा अर्धवट कोड. माझ्या पुढच्या टायरची नक्षी दोन्हीकडून सारखी होती, म्हणजे टायर रिमवर कसाही बसवता येतो. दोन्ही टायर बसवले होते ते तारखेची बाजू आत करून. आत आकडा होता ३८१४. म्हणजे २०१४ सालचा ३८वा आठवडा. मी तो सेट २०२२च्या हिवाळ्यात घेतला होता.

मग त्याने एक फडकं ओलं करून पुढच्या टायरच्या नक्षीतल्या रबरी ठोकळ्यांवर घासलं. फडक्याला काळी चिकट पॉलिश लागली आणि खालून केसासारख्या भेगा वर आल्या, खाचांच्या तळाशी, एकमेकींत गुंतलेल्या. नव्या विंटर टायरच्या ठोकळ्याला नखाने दाबलं तर तो लवतो. याच्यावर नख रुतेना. नक्षी खोल होती, जवळजवळ नव्याइतकी, कारण टायर रस्त्यावर फारसे धावलेच नव्हते. कुठल्या तरी गोदामात वर्षानुवर्षं पडून सुकले होते. विंटर टायरचं सगळं मर्म त्याच्या रबरात आहे. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी रबर ताठरतं, विंटरचं मऊ राहतं. ठोकळ्यांवरच्या बारीक चिरा त्या मऊपणामुळेच उघडतात, बर्फ धरून ठेवतात, आणि बर्फाला बर्फच चांगला चिकटतो. रबर वाळलं की चिरा नुसत्या शोभेच्या. चिन्ह मात्र तसंच राहतं, ते काही टायरबरोबर म्हातारं होत नाही.

मागचे टायर खरंच त्याच वर्षी बनलेले होते. पण त्यांच्यावर डोंगर-चांदणी नव्हतीच. होतं फक्त ‘एम प्लस एस’.

या दोन अक्षरांनी जितक्यांना चुना लावलाय तितका क्वचितच कशाने लावला असेल. अर्थ मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ. वाचून वाटतं बर्फावर चाचणी झाली असणार. तसं काही नाही. हे चिन्ह नक्षीच्या रचनेवरून मिळतं. खाचा पुरेशा मोकळ्या आहेत असं ठरलं की कंपनी स्वतःच ते छापते. बर्फावर टायर चालवून बघण्याची अट त्यात नाही. म्हणूनच उत्तर अमेरिकेत १९९९ साली डोंगर-चांदणीचं चिन्ह आलं. ते मिळवायला टायरला दाबलेल्या बर्फावर ओढीच्या चाचणीत उतरावं लागतं आणि ठरलेल्या संदर्भ टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त पकड दाखवावी लागते. कॅनडातल्या क्युबेक प्रांतात डिसेंबर २०१४पासून विंटर टायर म्हणून हेच चिन्ह धरलं जातं. जर्मनीत जुन्या एम प्लस एस टायरना दिलेली सवलत ३० सप्टेंबर २०२४ला संपली. सरकारांनी ज्या अक्षरांवरचा विश्वास काढून घेतला त्यांच्याच जोरावर दुकानदार माझ्याशी वाद घालत होता.

हो, वाद झालाच. त्याचं म्हणणं, ‘स्नो लिहिलंय की नाही? वाचा.’ पुढच्या टायरच्या वयाबद्दल म्हणाला, ‘वापरलेले नाहीत म्हणजे नवेच. रबर काय दूध आहे नासायला?’ बिलावर लिहिलं होतं ‘विंटर सेट, ४ नग’. ना कंपनी, ना माप, ना मॉडेल, ना तारीख. त्या बिलाच्या आधारे काहीच सिद्ध होत नव्हतं. कामी आले ते खरेदीआधीचे मोबाइलवरचे मेसेज. त्यात त्याने स्वतः लिहिलं होतं, ‘चारही नवे, चारही बर्फाचे.’ मेसेज आणि मेकॅनिकने काढलेले तारखेचे फोटो समोर ठेवल्यावर पुढचे दोन परत घेऊन अर्धे पैसे दिले. मागच्या जोडीबद्दल कानावर हात : ‘ते चाललेले टायर, आता वापरलेले झाले.’ सांगायचं तात्पर्य एवढंच की दुकानदाराशी जे बोलणं होईल ते लेखी करून घ्या, प्रश्न मेसेजवर विचारा. तोंडी आश्वासनाला बर्फात आणि ग्राहक मंचात सारखीच किंमत.

पुढे जे शिकलो ते आता थोडक्यात. रिमसकट तयार सेट घ्यायचाच असेल तर प्रत्येक चाक आडवं पाडून दोन्ही बाजू वाचा. उभ्या चाकाची मागची बाजू दिसत नाही आणि तिथेच मेख असते. चिन्ह आणि तारीख एकाच टायरवर, असं चार वेळा तपासायचं. एका टायरवर चिन्ह आणि दुसऱ्यावर तारीख बघून समाधान मानलं की संपलं. आणि डोंगर-चांदणी आहे म्हणजे टायर सर्वगुणसंपन्न असंही नाही. तिची चाचणी दाबलेल्या बर्फावर आणि सरळ रेषेतली आहे. गोठून काच झालेल्या रस्त्यावरची किंवा वळणावरची पकड त्यात मोजली जात नाही. युरोपातल्या लेबलवर २०२१पासून गोठलेल्या रस्त्यावरच्या पकडीसाठी वेगळं चिन्ह आलंय ते त्यासाठीच.

पुढे-मागे वेगळी मापं हा माझ्या फसवणुकीचा पाया होता, म्हणून तो पायाच काढून टाकला. बऱ्याच गाड्यांना हिवाळ्यासाठी चारही चाकांना एकच, थोडं अरुंद माप चालतं; गाडीच्या पुस्तिकेत किंवा दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरवर मंजूर मापं दिलेली असतात. अरुंद टायर मोकळा बर्फ कापत खाली जातो, रुंद टायर त्याच्यावर तरंगायला बघतो. दिसायला गाडी जरा किडकिडीत दिसते, दिसू दे. चार सारखे टायर असले की मॉडेल वेगळं असण्याची सबबच उरत नाही. फक्त रिम लहान करताना ते ब्रेकच्या कॅलिपरला, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या पकडीला, घासत नाही ना हे चाक बसवून, फिरवून बघा. आणि लोड इंडेक्स खाली आणू नका. टायरवर मापानंतर येणारा, किती वजन पेलेल ते सांगणारा आकडा म्हणजे तो : ९१ म्हणजे एका टायरवर ६१५ किलो, ९४ म्हणजे ६७०. ‘सारखंच असतं हो सगळं’ म्हणून हलका टायर खपवणारेही भेटतात.

वापरलेला सेट घेणारांनी नक्षीची खोली मोजणारा खोलीमापक जवळ ठेवावा, छोटीशी वस्तू आहे. कायदेशीर मर्यादा पुष्कळ ठिकाणी १.६ मिमी असली तरी ४ मिमीखाली गेलेल्या विंटर टायरला बर्फात काही अर्थ नाही. ऑस्ट्रियात तर ४ मिमीखालचा टायर विंटर टायर म्हणून धरतच नाहीत. नक्षी खोल पण खाचांचा तळ खरखरीत, झिजेची खूण दाखवणारे आडवे उंचवटे गायब किंवा मधूनच कापलेले असले तर खाचा गरम पात्याने कोरून खोल केल्याची शंका घ्या आणि दुकान सोडा.

हवेचंही सांगतो, कारण त्यावरून मलाच उलट सुनावण्यात आलं होतं, ‘हवा कमी असेल, म्हणून घसरली.’ थंडीने हवा कमी होते हे खरं, साधारण साडेपाच अंश तापमान उतरलं की १ पीएसआय. म्हणून हवा थंड टायरमध्ये, सकाळी गाडी हलवायच्या आत तपासायची आणि आकडा लिहून ठेवायचा. डिकीत वाळूची पोती टाकण्याचा सल्लाही मिळाला. मागच्या चाकांवर भार आल्याने निघताना फरक पडतो, नाही असं नाही. पण पोती नीट बांधलेली नसली तर ब्रेकसरशी पुढे येतात, आणि वाढलेलं वजन थांबवायचंही टायरलाच असतं. वाळलेल्या टायरवर वाळू हा काही इलाज नव्हे.

नवे चार टायर दुसरीकडून घेतले तेव्हा बिलावर कंपनी, मॉडेल, माप, लोड इंडेक्स आणि चारही टायरचे तारखेचे आकडे लिहून मागितले. तिथल्या माणसाने काही न विचारता टायर रिमवर चढवण्याआधी माझ्यासमोर एकेक आडवा टाकला, कोड वाचला, लिहिला. आधीच्या दुकानात तारखेबद्दल नुसतं विचारलं होतं तेव्हा उत्तर आलं होतं, ‘आता चढवलेत, कुठे काढत बसू?’ हे उत्तर आलं की पैसे खिशातून काढू नका.