वाळवंटी रस्त्याची खबर आणि तिची तारीख: नकाशाच्या ॲपचा चौदा महिन्यांचा अनुभव

कॅलिफोर्नियातील डेथ व्हॅली राष्ट्रीय उद्यानातल्या सॅलाइन व्हॅलीत उतरणाऱ्या कच्च्या रस्त्यावर, नॉर्थ पास हा घाट ओलांडून बरेच खाली आल्यावर, ज्या कोरड्या ओढ्याच्या पात्रातून मी यापूर्वी दोनदा गाडी काढली होती, तेथे गेल्या नोव्हेंबरात रस्ताच उरलेला नव्हता. पात्राची कड उभी तुटली होती आणि खाली उतरून पाहिले तेव्हा ती माझ्या कमरेला लागली. तुटलेल्या कडेत खडी, वाळू आणि पुन्हा खडी असे थर सुरीने कापल्यासारखे स्वच्छ दिसत होते. वरचा थर भुसभुशीत आणि सुका होता, परंतु तळाशी बोटे खुपसली तेव्हा वाळू गार आणि ओलसर लागली, म्हणजे पाणी येऊन गेल्याला फार दिवस झालेले नव्हते. मोबाइलवरच्या नकाशाच्या ॲपमध्ये मात्र तो संपूर्ण रस्ता हिरव्या रेघेने ‘खुला’ असा दाखवलेला होता. पलीकडे आणखी चाकांच्या खुणा दिसत नव्हत्या, म्हणून मी गाडी वळवली आणि आलो त्याच वाटेने घाट चढून बिग पाइन गावी परतलो. टाकीत पेट्रोल पुरेसे होते म्हणूनच हे जमले. अशा जागी गाडी अडकली तर ती ओढून आणण्याचा खर्च सहज हजार डॉलरच्या पुढे जातो, आणि मी तर ॲपची चाळीस डॉलरची वार्षिक वर्गणीसुद्धा चार दिवस विचार करून भरलेली होती.

ॲपच्या इतर गुणांबद्दल फार लिहीत नाही, कारण वाचकांना ते ठाऊक आहेत. नेटवर्क नसताना नकाशे उघडतात, गाडीची जागा अचूक दिसते, जुने सर्वेक्षण नकाशे आणि उपग्रहाची चित्रे एकमेकांवर ठेवून पाहता येतात. या सर्व बाबतींत चौदा महिन्यांत मला एकदाही अडचण आली नाही. माझी तक्रार एकाच गोष्टीची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा करणार आहे: रस्ता खुला आहे असे सांगताना, तो खुला असल्याचे कोणी, कोणत्या दिवशी पाहिले, हे हे ॲप सांगत नाही.

परतल्यावर मी कंपनीला हाच प्रश्न विचारला. तीन आठवड्यांनी उत्तर आले की, माहिती विश्वासार्ह स्रोतांतून घेतली जाते. मी पुन्हा लिहिले की, स्रोतावर माझा आक्षेप नाही, मला फक्त तारीख हवी आहे. त्यावर, वर्गणी परत मिळण्याची मुदत संपली आहे, असे कळवण्यात आले, जरी मी तोपर्यंत पैसे परत मागितलेलेच नव्हते. मग मागितले, आणि अर्थातच मिळाले नाहीत.

तारखेचा एवढा आग्रह का, हे ज्यांनी डांबरी रस्ता कधी सोडला नाही त्यांना कदाचित समजणार नाही. डेथ व्हॅलीत फर्नेस क्रीकला वर्षाकाठी सरासरी साधारण दोन इंच पाऊस पडतो. ५ ऑगस्ट २०२२ रोजी तेथे एका दिवसात १.४६ इंच पडला, आणि २० ऑगस्ट २०२३ रोजी हिलरी वादळाच्या अवशेषांनी एका दिवसात २.२० इंच पाऊस ओतला. त्यानंतर संपूर्ण राष्ट्रीय उद्यान १५ ऑक्टोबरपर्यंत बंद होते. येथील कच्चे रस्ते बहुतेक ठिकाणी ओढ्याच्या पात्रातूनच जातात किंवा ते वारंवार ओलांडतात, आणि उघड्या खडकांवर झुडूप नसल्यामुळे पडलेले पाणी मुरण्याऐवजी एकदम खाली धावते. पाऊस पडतो डोंगरावर, दोन-चार मैलांच्या पट्ट्यात, आणि रस्ता वाहून जातो खालच्या दरीत, जेथे त्या दिवशी आकाश निरभ्र असू शकते. म्हणून ‘रस्ता खुला आहे’ या वाक्याला मी काही किंमत देत नाही. ‘अमुक तारखेला एक गाडी यावरून गेली’ या वाक्याला किंमत आहे, कारण त्या तारखेनंतर त्या डोंगरावर पाऊस झाला का, एवढाच प्रश्न मग शिल्लक राहतो आणि त्याचे उत्तर शोधता येते.

हे उत्तर शोधण्याची पद्धत मी त्या हिवाळ्यात शिकलो आणि तिला एक पैसाही लागला नाही. युरोपच्या कोपर्निकस कार्यक्रमातील सेंटिनेल-२ उपग्रह एका जागेवरून साधारण दर ५ दिवसांनी जातात, त्यांची चित्रे कोपर्निकस ब्राउझरवर फुकट पाहता येतात, आणि प्रत्येक चित्रावर ते टिपल्याची तारीख असते. त्यांतला एक ठिपका १० मीटरचा असतो, त्यामुळे कमरेइतकी तुटलेली कड त्यात दिसणार नाही, हे आधीच मान्य केले पाहिजे. दिसतो तो पुराचा माग. डोंगराच्या पायथ्याशी पसरलेल्या जुन्या खडीवर शतकानुशतके काळपट लेप चढलेला असतो, तर नव्या पुराने आणलेली खडी फिकट, जवळपास पांढुरकी दिसते. वादळाच्या आधीचे आणि नंतरचे चित्र शेजारी ठेवले, आणि पूर्वी नसलेला फिकट पट्टा रस्त्याच्या रेघेला आडवा छेदून गेलेला आढळला, तर तेथे पाणी वाहिले आहे यात शंका नसते. नोव्हेंबरातील ती जागा मी मागाहून अशी तपासली. माझ्या प्रवासाच्या नऊ दिवस आधीच्या चित्रात तो पट्टा नव्हता आणि चार दिवस आधीच्या चित्रात तो स्पष्ट होता. घरातून निघण्यापूर्वी दहा मिनिटे खर्च केली असती तर दोन दिवस आणि एक टाकी पेट्रोल वाचले असते.

हिवाळ्यात याच चित्रांचा आणखी एक उपयोग होतो. साध्या रंगांत घाटावरचा बर्फ आणि ढग दोन्ही पांढरे दिसतात, परंतु लघुलहरी अवरक्त रंगयोजना निवडली की बर्फ निळसर होतो आणि ढग पांढरेच राहतात. नॉर्थ पास समुद्रसपाटीपासून सात हजार फुटांहून उंच असल्यामुळे डिसेंबर ते मार्च हा फरक मी दर वेळी पाहतो. अरुंद दऱ्यांत मात्र हिवाळ्यातील लांब सावल्या रस्ता पूर्ण झाकून टाकतात आणि तेथे ही पद्धत उपयोगी पडत नाही. तेथे मी रेंजरांच्या, म्हणजे उद्यानाच्या रक्षकांच्या, कार्यालयाला दूरध्वनी करतो, आणि त्यांनाही पहिला प्रश्न हाच विचारतो की, तुमच्यापैकी कोणी शेवटचे कधी तेथे गेले होते. त्यांना हा प्रश्न आवडतो असा माझा अनुभव आहे. ते वही पाहून तारीख सांगतात आणि माहिती नसेल तर नाही म्हणून सांगतात.

येथवर वाचून माझे मत पक्के झाले असे वाटेल, परंतु मार्चमध्ये ॲपची नवी आवृत्ती आली आणि तिच्यात प्रत्येक रस्त्याखाली तारीख दिसू लागली. मला मनापासून आनंद झाला आणि मी कंपनीला आभाराचे पत्रही लिहिले. त्याच महिन्यात मोहावी वाळवंटातून जाणाऱ्या मोहावी रोड या कच्च्या वाटेवर जायचे ठरले होते. सोडा लेकच्या कोरड्या तळ्यावरून जाणाऱ्या तुकड्याखाली ‘खुला’ आणि निघण्याच्या दोन दिवस आधीची तारीख होती. तरीही सवयीने मी चित्र पाहिले, तर तळ्याचा मोठा भाग गडद दिसत होता, म्हणजे तेथे पाणी किंवा चिखल होता. या तळ्याकडे वाहत येणाऱ्या मोहावी नदीवर ॲफ्टन येथे अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्याचे प्रवाहमापक आहे. त्याच्या आलेखात आठवड्यापूर्वी प्रवाह एकदम उसळून नंतर हळूहळू उतरलेला दिसत होता. आम्ही तळे टाळून वळसा घातला. कडेला थांबून मी चालत पन्नास पावले आत गेलो, तेव्हा वरचा खारट पापुद्रा कोरडा होता आणि तो मोडून बूट घोट्यापर्यंत चिकट गाळात रुतला. अशा गाळात गाडी आसापर्यंत जाते आणि दुसरी गाडी तिला काढायला आली तर तीही जाते. पुढे पत्रव्यवहारातून उलगडा झाला की, ॲपमधील ती तारीख रस्ता पाहिल्याची नव्हती, ती माहिती त्यांच्या संगणकावर शेवटची भरल्याची होती. तारीख नसलेल्या खबरेवर मी निदान संशय तरी घेत होतो. चुकीच्या अर्थाची तारीख अधिक घातक आहे, कारण ती तो संशय काढून घेते.

एका बाबतीत मला ॲपचे श्रेय दिले पाहिजे आणि याविषयीचे माझे आधीचे मत मी बदलले आहे. १९९४च्या कॅलिफोर्निया वाळवंट संरक्षण कायद्याने मोठे प्रदेश ‘विल्डरनेस’ म्हणून राखीव झाले आणि तेथे मोटारींना बंदी आली. जुन्या सर्वेक्षण नकाशांवर त्या भागांतल्या वाटा अजूनही तुटक रेघांनी छापलेल्या आहेत आणि जमिनीवरही त्यांच्या खुणा टिकून आहेत. गाडी जाऊ शकते, पण नेणे गुन्हा आहे, अशा वाटा हे ॲप बिनचूक वेगळ्या दाखवते. मे महिन्यात अशाच एका चांगल्या दिसणाऱ्या वाटेवर शिरण्याआधी त्याने मला थांबवले. ही माहिती पावसाने बदलत नाही, आणि म्हणूनच येथे ते भरवशाचे ठरते.

या ऑगस्टमध्ये वर्गणीची मुदत संपली आणि मी ती पुन्हा भरलेली नाही. नकाशे आणि हद्दींसाठी फुकट आवृत्ती मला पुरते. रस्त्याची स्थिती मी चित्रे, प्रवाहमापक आणि रेंजरांचा दूरध्वनी यांवरून ठरवतो. रस्ता प्रत्यक्ष पाहिल्याची तारीख ज्या दिवशी हे ॲप दाखवू लागेल, त्या दिवशी मी चाळीस डॉलर विनातक्रार भरीन. नोव्हेंबरात त्या तुटलेल्या कडेपाशी उभे राहून काढलेली छायाचित्रे, तारीख आणि वेळेसह, मी त्यांना त्याच आठवड्यात पाठवली होती. आज सकाळी पाहिले तेव्हा त्या नोंदीपुढे अजूनही ‘तपासणी सुरू’ असे लिहिलेले होते.