घोड्याच्या टेंडनवर स्टेम सेल: वर्ष उलटून गेल्यावरचा अनुभव

इंग्लंडमध्ये न्यूमार्केट या शर्यतीच्या घोड्यांच्या गावाच्या आसपास घोडा पाळला की टेंडनबद्दलचा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीसारख्या कंडरेबद्दलचा) सल्ला मागावा लागत नाही, तो आपोआप येतो. बर्फ लावा, चुंबक बांधा, वर्षभर कुरणात सोडून द्या. स्टेम सेलबद्दल, म्हणजे जखमेत मूळ पेशी टोचण्याच्या उपचाराबद्दल, मात्र लोक एक तर 'चमत्कार' म्हणतात, नाहीतर 'पैसे पाण्यात'. पुण्यातल्या घोडेवाल्या ओळखीच्यांनीही विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आमचा घोडा मर्फी थरोब्रेड (शर्यतीच्या जातीचा), पूर्वी अडथळ्यांच्या शर्यतीत पळालेला, आता माझ्यासोबत हौशी इव्हेंटिंग (घोडेस्वारीची बहुअंगी स्पर्धा) करतो. त्यातल्या एका क्रॉसकंट्रीनंतर (मोकळ्या रानातल्या अडथळ्यांच्या फेरीनंतर) दुसऱ्या दिवशी पुढच्या डाव्या पायाची नळी (गुडघ्याखालचा भाग) मागच्या बाजूने फुगलेली आणि हाताला गरम लागली. लंगडणं जवळजवळ नव्हतंच. अल्ट्रासाऊंडमध्ये नळीच्या मध्यावर, वरच्या थरातल्या फ्लेक्सर (पाय वाकवणाऱ्या) टेंडनच्या ऐन गाभ्यात काळं भोक, म्हणजे फाटलेला भाग, दिसलं. कडा शाबूत होत्या. या उपचाराला अशीच जखम लागते. भोवतीचं शाबूत टेंडन पिशवीसारखं काम करतं आणि टोचलेल्या पेशी आत राहतात. कड फाटलेली असेल तर डॉक्टर बहुधा स्वतःच नको म्हणतील.

भरधाव पळताना हे टेंडन दहा टक्क्यांहून जास्त ताणलं जातं, आणि गाभ्याचं तापमान ४५ अंश सेल्सिअसपर्यंत गेल्याचं मोजलेलं आहे. त्यात रक्तपुरवठा बेताचा. जखम भरते, पण व्रणाच्या ऊतीने भरते. ती ऊती ताठ असते, त्यामुळे पुढच्या वेळी ताण शेजारच्या चांगल्या भागावर येतो आणि तो भाग फाटतो. भरतं सगळ्यांचंच, टिकतं किती, यावर घोड्याचं पुढचं आयुष्य ठरतं.

प्रत्यक्ष उपचार अगदीच साधा वाटला. उभ्या घोड्याला गुंगीचं औषध देऊन छातीच्या हाडातून थोडी अस्थिमज्जा काढली. ती प्रयोगशाळेत गेली, तिथे पेशी वाढवायला काही आठवडे लागले. मग पाय बधिर करून, अल्ट्रासाऊंडवर सुई बघत बघत, साधारण एक कोटी पेशी त्या भोकात सोडल्या. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजात रॉजर स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बसवलेली ही पद्धत, २००३ मध्ये पहिल्यांदा प्रसिद्ध झाली. वेळ मात्र पाळावी लागते: जखमेनंतर महिना-दोन महिन्यांत, सूज उतरल्यावर पण व्रण पक्का होण्याआधी. दुसरा पर्याय तयार पेशींचा. दुसऱ्या घोड्याच्या रक्तातून बनवलेलं 'रेनूटेंड' हे औषध युरोपीय संघात २०२२ मध्ये मंजूर झालं. त्यात पेशी वाढायची वाट बघावी लागत नाही. मी स्वतः वापरलेलं नाही, त्यामुळे त्यावर मत देत नाही.

आता खरं दुखणं: नंतरचे महिने. कार्यक्रम ४८ आठवड्यांचा. आधी ठाणबंद, मग हाताने धरून दहा मिनिटं चालवणं, मग हळूहळू वाढवणं, दुडकीला परवानगी तीन महिने गेल्यावर, आणि वेगाचं काम अगदी शेवटी. तबेल्यात कोंडलेला फिट थरोब्रेड जानेवारीच्या वाऱ्यात दहा मिनिटं 'सावकाश' चालवून दाखवा म्हणजे कळेल. दोन पायांवर उभा राहायचा. डॉक्टरांनी अखेर चालण्यापुरतं सौम्य शामक दिलं, ते आधीच मागून घ्या. दाणा कमी, गवत जास्त, जाळीतून, म्हणजे वेळ जातो. पायऱ्या गाळायच्या नाहीत. मधल्या टप्प्यावर स्कॅनमध्ये भोक भरलेलं दिसतं आणि घोडा ठणठणीत चालतो. नेमक्या तेव्हाच पळवायचा मोह होतो. टेंडनचे नवे धागे भाराच्या दिशेने जुळायला वेळ लागतो, आणि बाहेरून ते कळत नाही. स्टेम सेलने हा काळ कमी होईल या आशेने जाणार असाल तर जाऊ नका. एक आठवडाही वाचत नाही.

मग मिळतं काय? २०१२ च्या ब्रिटिश अभ्यासात, पुढची माहिती मिळालेल्या ११३ शर्यतीच्या घोड्यांत पुन्हा दुखापत होण्याचं प्रमाण सुमारे २७ टक्के निघालं. जुन्या उपचारांच्या आधीच्या नोंदींत ते निम्म्याहून जास्त होतं. आकडा आकर्षक आहे, पण तुलना जुन्या नोंदींशी आहे, एकाच वेळी चिठ्ठ्या टाकून वाटलेल्या घोड्यांशी नाही, हे लक्षात असू द्या. २०१३ च्या एका छोट्या प्रयोगात सहा घोड्यांना पेशी दिल्या आणि सहांना नुसतं सलाईन. पेशी दिलेल्यांचं टेंडन कमी ताठ निघालं. उलट, टोचलेल्या पेशींपैकी बहुतेक दिवसभरात तिथून नाहीशा होतात असंही दिसलंय. म्हणजे त्या नवं टेंडन 'उगवत' नाहीत, शेजारच्या पेशींना कामाला लावतात असा अंदाज आहे. विक्रीच्या पत्रकांत हे वाक्य सापडणार नाही.

मर्फी आता पुन्हा छोट्या स्पर्धा करतोय. पायावर हलका फुगवटा राहिला, तो जाणार नाही. पुन्हा फाटलेलं नाही, पण याचं श्रेय पेशींना की त्या कंटाळवाण्या चालण्याला, हे एका घोड्यावरून कुणीच सांगू शकत नाही. मी माझ्यापुरतं निम्मं-निम्मं धरते.

भावाने पुण्याहून विचारलं, "अगं, पाय डागून का नाही घेतलास?" डागण्याने टेंडन बरं होत नाही हे ब्रिस्टलच्या अभ्यासाने १९८३ मध्येच दाखवलंय. घोड्याला फक्त वेदना होतात.

खर्च सगळा धरून अडीच हजार पौंडांच्या पुढे गेला. विम्याने बराचसा दिला, पण नूतनीकरणाच्या वेळी तो पाय पॉलिसीतून वगळला. तेव्हा अर्ज करण्यापूर्वी दोन गोष्टी लेखी विचारा: पेशी वाढवण्याचा खर्च मर्यादेत बसतो का, आणि नंतरचे स्कॅन कोण भरणार. कुरणातल्या निवृत्त घोड्यासाठी मी हा खर्च करणार नाही. ज्याला अजून उड्या मारायच्या आहेत, ज्याची जखम गाभ्यात आहे, आणि ज्याच्या घरात रोज पहाटे चालवणारं कुणीतरी आहे, त्याच्यासाठी पुन्हा करीन.