दिवाळ्याचा मासळी बाजार: आधी तिथी बघा, मग पिशवी घ्या

नवी मुंबईत बेलापूरच्या दिवाळे कोळीवाड्यातला मासळी बाजार खाडीच्या मासळीसाठी उत्तम. मात्र तिथी न बघता गेलात तर शिळ्यापाक्यावर समाधान मानावं लागतं.

होड्या धक्क्याला लागतात त्या भरतीच्या पाण्यावर, ओहोटीला समोर नुसता चिखल. भरतीची वेळ काढायचा कोकणातला जुना हिशेब असा: तिथीला पाऊणने गुणायचं. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पुनवेला सव्वाअकरा, दिवसा आणि रात्री दोन्ही वेळा. पुनवेनंतर पुन्हा एकपासून मोजणी. खाडीत आत पाणी चढायला थोडा जास्त वेळ लागतो, तोही धरा. म्हणजे पुनवेच्या सकाळी आठला टोपलीत दिसतो तो रात्रीच्या भरतीचा माल. अष्टमीला माल भल्या पहाटे येतो, पण भांगाच्या, म्हणजे कमी चढउताराच्या, पाण्याला ओढ नसते, त्यामुळे डोलीत (प्रवाहात रोवलेल्या जाळ्यात) कमी पडतं. पुनव-अवसेच्या उधाणाला माल भरपूर, पण यायला दुपार. नोकरदारांना सोयीची दशमी-एकादशी: भरती साडेसात-सव्वाआठची, माल बेताचा, आणि एकादशीला गिऱ्हाईक कमी म्हणून मावशीही भावाला जरा नरम.

घ्यायचं काय? कोळंबी, बोय, चिंबोऱ्या, निवट्या (चिखलातले छोटे मासे) आणि नशिबात असेल तर जिताडा. सुरमई, पापलेट, हलवा इथे दिसतात, पण हा खाडीचा माल नव्हे. बहुतेक वेळा मोठ्या बंदरांवरून बर्फात आलेला असतो, तो घराजवळही मिळतो. त्यासाठी इथवर येण्यात अर्थ नाही.

चिंबोरी अवसेला भरलेली असते असं म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. उलटी धरा आणि पायांच्या मुळाशी पोटाकडचं कवच अंगठ्याने दाबा. दबलं तर आत पाणीच जास्त. टणक लागली आणि आकाराच्या मानाने जड वाटली तरच घ्या. लाख (आतली अंडी) हवी असेल तर पोटाची झडप रुंद, गोलसर असलेली मादी मागा. नराची झडप निमुळती. कोळंबीचं डोकं काळवंडलेलं किंवा लोंबायला लागलेलं असेल तर पुढच्या टोपलीकडे वळा. निवटी मात्र वळवळतीच हवी. तिचा बुळबुळीतपणा नुसत्या पाण्याने जात नाही. राख किंवा तांदळाचं पीठ चोळून दोन-तीनदा धुवावी लागते, नाहीतर कालवण चिकट होतं.

बारीक मासळी वाट्यावर विकली जाते, वजनावर नाही. वाटा उचलण्याआधी खालची मासळी वर करून बघा. त्यात कोणाला राग येत नाही, वरचेवर हात लावून न घेता गेलात तर येतो. कापणावळ वेगळी, ती आधीच ठरवा. जिताडा कापून घेताना डोकं आणि पोटातली गाबोळी मागून घ्या, विसरलात तर तिथेच राहते.

उणी बाजू म्हणजे गाडी लावायची पंचाईत, रविवारी तर विचारू नका. बेलापूर स्टेशनवरून रिक्षा बरी. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारीबंदी असते. तेव्हा निवट्या-चिंबोऱ्यांवर भागवा. बाकीचं बर्फातलं असण्याचीच शक्यता जास्त.