पायथॉनमध्ये ओळ तोडण्यासाठी काय वापरावे: स्प्लिट, रेगेक्स की सीएसव्ही मॉड्यूल?

स्वल्पविरामांनी जोडलेली ओळ तोडून प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या मोकळ्या जागा काढायच्या असतील, तर पायथॉन या प्रोग्रॅमिंग भाषेत तीन मार्ग रुळलेले आहेत: स्ट्रिंगच्या (म्हणजे मजकुराच्या) स्प्लिट (तोडणे) आणि स्ट्रिप (कडेच्या जागा काढणे) या मेथड, रेगेक्सचे (म्हणजे मजकुरातला नमुना, अर्थात पॅटर्न, सांगणाऱ्या खुणांचे) स्प्लिट, आणि २००३ साली आलेल्या आवृत्ती २.३ पासून भाषेसोबतच मिळणारे सीएसव्ही (स्वल्पविरामांनी विभागलेल्या नोंदी वाचणारे) मॉड्यूल. यांतून निवड करताना कोड किती ओळींचा होईल, यापेक्षा मजकूर कोणाच्या हातून आला आहे, हे आधी पाहावे, असे माझे ठाम मत आहे.

मजकूर आपल्याच प्रोग्रॅमने लिहिलेला असेल आणि कोणत्याही तुकड्याच्या आत स्वल्पविराम येणार नसेल, तर स्प्लिट करून प्रत्येक तुकड्यावर स्ट्रिप चालवणे पुरेसे आहे. रिकाम्या ओळीकडे मात्र लक्ष ठेवावे: कंसात काहीही न देता स्प्लिट केल्यास रिकामी यादी मिळते, पण स्वल्पविराम दिल्यास एक रिकामी स्ट्रिंग असलेली यादी मिळते आणि तीच पुढे खरी नोंद म्हणून मोजली जाते.

बाहेरून आलेल्या फाइलचे तसे नाही. समजा, ओळ अशी आहे:

१०१, "गुरुवार पेठ, सातारा", ५००

आपल्याला हवेत तीन तुकडे. स्प्लिट चार करते, कारण अवतरणचिन्हांचा अर्थ त्याला कळत नाही. सीएसव्ही मॉड्यूलला तो कळतो, परंतु याच ओळीवर तेही चारच तुकडे देते, याचा अनेकांना अचंबा वाटतो. स्वल्पविरामानंतर मोकळी जागा असल्यामुळे अवतरणचिन्ह तुकड्याच्या अगदी सुरुवातीला राहत नाही आणि मॉड्यूल त्याला साधे अक्षर समजते. ‘स्किप-इनिशियल-स्पेस’ हा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला की तीन तुकडे बरोबर मिळतात. तुकड्याच्या शेवटची जागा मात्र तो काढत नाही, तेव्हा स्ट्रिप लागतेच. असे असूनही, पत्ते आणि नावे असलेल्या कोणत्याही फाइलसाठी मी सीएसव्ही मॉड्यूलच सुचवेन.

रेगेक्स केवळ विभाजक (तुकडे वेगळे करणारी चिन्हे) मिश्र असतील, म्हणजे कुठे स्वल्पविराम, कुठे अर्धविराम, तेव्हाच घ्यावे. ते ओळीच्या दोन्ही टोकांच्या जागा तशाच ठेवते, आणि पॅटर्नमध्ये साधा कंस घातला तर विभाजकही निकालात येतात.

मराठी मजकुरासाठी, मार्ग कोणताही असो, एक खबरदारी आवश्यक आहे. वेबपानावरून उतरवलेली नॉन-ब्रेकिंग स्पेस (तिथे ओळ तुटू न देणारी जागा) स्ट्रिप काढते; झिरो-विड्थ स्पेस (रुंदी नसलेली, न दिसणारी जागा) आणि फाइलच्या सुरुवातीची बीओएम खूण (एन्कोडिंग दर्शवणारे अदृश्य चिन्ह) काढत नाही. बीओएमसाठी फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ एन्कोडिंगने उघडावी. झिरो-विड्थ स्पेस नाव घेऊन रिप्लेसने काढावी, मात्र ‘अदृश्य ते सर्व उडवा’ असा सरसकट पॅटर्न लिहू नये. काही कीबोर्डांवर ‘दऱ्या’ या शब्दातला ऱ्य र, हलन्त आणि झिरो-विड्थ जॉइनर (अक्षरे जोडणारे अदृश्य चिन्ह) यांतून उमटतो. तो जॉइनर पुसला गेला, तर डोंगरातल्या दऱ्यांचा समुद्राचा ‘दर्या’ होतो, आणि प्रोग्रॅम कोणतीही चूक दाखवत नाही.