दिवसभर मचाणावर, की दुपारी उतरून पुन्हा चढायचं?

भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली शिकारीवर बंदी आहे, त्यामुळे हे सगळं उत्तर अमेरिकेत परवाना काढून पांढऱ्या शेपटीच्या हरणामागे जाणाऱ्यांसाठी. त्यांच्यापुढे दोन पर्याय असतात: पहाटे अंधारात चढून थेट रात्री उतरायचं, किंवा दहाच्या सुमारास उतरून दुपारी परत यायचं.

हरणं बिचकतात ती जास्त करून आपल्या ये-जा करण्याने. पाचोळ्यातली पावलं, झुडपांना घासून राहिलेला अंगाचा वास, हे मागे उरतं. दिवसभर बसणारा दोनदाच चालतो. मध्ये उतरणारा चारदा, आणि त्यातल्या दोन फेऱ्या लख्ख उजेडात, हरणं जवळपास रवंथ करत पडलेली असताना. एक मादी शेपूट उभारून फुत्कारली की आसपासची सगळी सावध होतात.

म्हणून मचाण हरणांच्या बसण्याच्या जागेजवळ असेल, तर मी दिवसभर बसण्याच्या बाजूचा. उत्तरेकडे नोव्हेंबरात नर माजावर येतात आणि माद्यांच्या शोधात भर दुपारीही फिरतात; नेमकं तेव्हा तुम्ही गाडीत कॉफी पीत असता. सप्टेंबरच्या उकाड्यात मात्र दुपारची हालचाल फार कमी. तेव्हा हट्टाने बसून राहण्यात मला अर्थ दिसत नाही.

दिवसभर बसण्याचा खरा शत्रू वारा. डोंगराळ भागात ऊन चढलं की हवा उताराने वर सरकते, संध्याकाळी गार होऊन खाली उतरते. सकाळी तुमचा वास माथ्याकडे नेणारी तीच जागा संध्याकाळी तो थेट खालच्या ओहोळात ओतते. अशा ठिकाणी उतरून दुसऱ्या मचाणावर जाणं परवडतं, वाट आडोशाची असेल तर. सपाट रानात ही अडचण कमी.

दुसरी गोष्ट शरीराची. आठव्या तासाला माणूस चुळबुळतो, पेंगतो. सेफ्टी हार्नेस, म्हणजे पडू नये म्हणून झाडाला बांधून घ्यायचा पट्टा, दोन्ही पद्धतींत हवाच, पण पेंगणाऱ्याला जास्त. खाणं चुरचुरणाऱ्या प्लास्टिकमधून काढून घरीच कापडात बांधा. लघवीसाठी बाटली ठेवा, नाहीतर उतरावंच लागतं. इतर शिकाऱ्यांना दिसावं म्हणून घालायच्या भगव्या जाकिटाची काळजी नको, तो रंग हरणांना फिका दिसतो. निळा मात्र त्यांच्या डोळ्यांत भरतो, तेव्हा जीन्स घरीच.

शेताच्या कडेला मचाण असेल तर निर्णय आणखी सोपा. दुपारी ती जागा बहुधा रिकामी असते, त्यामुळे सावकाश उतरा. खरी पंचाईत रात्री, हरणं खाली चरत असताना उतरण्याची. तिथे दोन्ही पद्धती सारख्याच अडतात. शेतमालकाला सांगून ठेवा: त्याने ट्रॅक्टर घेऊन यावं. रोजच्या ट्रॅक्टरला हरणं बाजूला होतात, पण मचाणाचा संबंध लावत नाहीत.