मॅग्नेट उतरलाय, काका!

मी स्पीकर दुरुस्तीला दिले तेव्हा त्यांच्यात एकच गोष्ट बिघडली होती, डाव्या वूफरच्या, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरच्या, कडेचा फोम. परत आले तेव्हा चार गोष्टी बिघडल्या होत्या. त्याचे मी १८,५०० रुपये मोजले, आणि टेंपोतून खोकी वर आणून देणाऱ्या त्या माणसाला चहाही पाजला. वर 'आता कसं दणदणीत वाजतंय' असं चार जणांना सांगत फिरलो. ते सांगणं सगळ्यात जास्त लागतं.

स्पीकर आप्पाकाकांचे. ते कुवेतला नोकरीला होते, तिथून १९७४ साली त्यांनी एआर-२एएक्सची जोडी आणली. अक्रोडाच्या लाकडाचं व्हेनिअर, समोर फिकट लिननचं कापड, एकेक खोकं उचलताना कंबर धरावी असं वजन. हे एआर म्हणजे अमेरिकेतल्या केंब्रिजची अकूस्टिक रिसर्च. १९५४ मध्ये एडगर व्हिल्चर आणि हेन्री क्लॉस यांनी ती काढली, व्हिल्चरच्या एका कल्पनेवर. तोवर खोल बेस हवा तर कपाटाएवढं खोकं लागायचं. व्हिल्चरने खोकं लहान केलं, चारी बाजूंनी हवाबंद केलं आणि वूफरची कडा मुद्दाम अगदी मऊ, सैल ठेवली. कोन, म्हणजे वूफरचा हलणारा पडदा, पुढेमागे होतो तेव्हा त्याला सावरण्याचं काम आत कोंडलेली हवाच करते, स्प्रिंगसारखी. म्हणून त्यात बेस येतो तो दणका होऊन नाही, जमिनीतून आल्यासारखा येतो. आमच्याकडे त्याची परीक्षा डग्ग्यावर व्हायची. मनगट दाबून घेतलेला घिस्सा खाली उतरत जातो तो शेवटपर्यंत ऐकू यायला हवा, असं आप्पाकाका म्हणायचे, आणि यायचा.

या सगळ्याचा कच्चा दुवा म्हणजे तो फोम. हवेतला दमटपणा त्याला वर्षानुवर्षं खात राहतो. आप्पाकाकांची निम्मी वर्षं रत्नागिरीत गेली, त्यामुळे फोम एकदा बदललेलाही होता. गेल्या पावसाळ्यात डाव्या बाजूने फरफर सुरू झाली. कापड काढून बोट लावलं तर काजळीसारखा चिकट चुरा हाताला आला. उजवा मऊ पडला होता पण शाबूत होता. फोमची नवीन कडी लावून घेणं, एवढंच काम होतं.

दुकान पेठेतलं, नाव सांगत नाही. गणपतीच्या आधीचा महिना असल्यामुळे दारापासून डीजेच्या बेसचे डबे रचलेले, पोरं कॉइल भरतायत, फेव्हिकॉल आणि थिनरचा वास. मालक पस्तिशीचा, गोड बोलणारा.

"फोम लावून काय होणार काका? मॅग्नेटच उतरलाय. पन्नास वर्षांचा माल आहे."

मी पटकन मानलं नाही, हे माझ्या बाजूने नोंदवून ठेवतो. मग त्याने दोन प्रयोग करून दाखवले. आधी एका डीजेच्या वूफरला मागून स्क्रू-ड्रायव्हर लावला, तो खटकन चिकटला. माझा वूफर खोलून त्याच्या मागच्या पोलादी प्लेटला लावला, तो नुसता टेकला. "बघा." मग डाव्या वूफरच्या फाटक्या कडेला टेप मारून, दोन्ही खोकी त्याच्या ॲम्प्लिफायरला जोडून गाणं लावलं. आवाज असा की जणू घशात काही उरलंच नाही. "टेप मारली तरी बेस नाही, आणि उजवा तर तुमचा चांगला आहे ना? त्यातही नाही. आता बोला." मी नेमका त्या वेळी मोबाइलवर व्हिडिओ घेत होतो. मुलाला पाठवायचा होता, स्पीकर गेले म्हणून.

मग त्याने उपाय सांगितला. "मॅग्नेट, कॉइल नवीन करतो, बॉडी तुमचीच. आणि डबा बंद आहे ना, हवा कोंडते. एक पोर्ट मारून देतो, मोकळा बेस येईल." पोर्टला, म्हणजे खोक्याला पाइपचं भोक पाडायला, मीच हो म्हणालो. हवा कोंडण्यासाठीच तर ते खोकं बनवलं होतं, हे मला आप्पाकाकांकडून शंभरदा ऐकून माहीत होतं. तरी हो म्हणालो. समोरचा माणूस दिवसाला वीस स्पीकर खोलतो, आपण आयुष्यात एकदा, असं काहीतरी डोक्यात होतं.

बारा दिवसांनी स्पीकर आले. लिननचं कापड पुन्हा छान ताणून चिकटवलेलं. लावले, आणि खरं सांगतो, पहिल्या मिनिटाला मी खूश झालो. धम्मधम्म आवाज. खिडकीची काच वाजली. त्याने डोळ्यांत धूळ फेकली नव्हती, कानांत फेकली होती, आणि ती आनंदाने टाकून घ्यायला मी बसलोच होतो.

आठवडाभरात घरात कुरबुर सुरू झाली. बायको म्हणाली, बातम्या लावल्या तरी शेजारी लग्न असल्यासारखं वाटतं. निवेदकाचा आवाज पिंपात डोकं घालून बोलल्यासारखा. ॲम्प्लिफायर पूर्वी कोमट असायचा, तो आता हात ठेवता येणार नाही इतका तापायला लागला. आणि डग्गा? घिस्सा अर्ध्यात तुटायचा. सुरुवातीला फुगून यायचा आणि खाली उतरायच्या जागी नुसती पोकळी. मला वाटलं ध्वनिमुद्रणच जुनं आहे. माणूस आपल्या १८,५०० रुपयांची बाजू घेण्यासाठी काय काय मानून घेतो!

आमच्या सोसायटीत आकाशवाणीतून निवृत्त झालेले एक इंजिनिअर राहतात. ते सहज आले, पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, "हे एआर नाहीत." मी हसलो. ते हसले नाहीत.

पहिली परीक्षा अगदी साधी. कापडावरून बोटांनी वूफर हलकेच आत दाबायचा आणि सोडायचा. हवाबंद खोक्यात तो रेंगाळत, जडपणे परत येतो. माझा टचकन उडाला. अर्थात, मागे तीन इंची भोक असल्यावर दुसरं काय होणार. दुसरी परीक्षा मोबाइलवरच्या टोन जनरेटरने, हव्या त्या हर्ट्झचा सूर वाजवणाऱ्या ॲपने. हर्ट्झचा आकडा जितका लहान तितका सूर खालचा. शंभर हर्ट्झवर घर दणाणलं. ऐंशीला जरा कमी. साठला आवाज ओसरला, पन्नासला कोन नुसता लडबडत होता, आवाज नाही. बास गिटारची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झला वाजते, म्हणजे तिचा मूळ सूर माझ्या घरात पोहोचतच नव्हता. जो 'बेस' मला आवडला होता तो शंभरच्या आसपासचा फुगवटा होता. बंद खोक्यात आवाज खाली उतरताना दर सप्तकाला १२ डेसिबलने उतरतो, भोकाच्या खोक्यात एकदा उतरायला लागला की २४ ने. बंद खोक्याचा तो उतार, भोकाच्या खोक्याचा हा सरळ तुटलेला कडा. त्यातून भोकाचा आकार, पाइपची लांबी, खोक्याची जागा आणि वूफरचा स्वभाव यांचा हिशेब जुळला तरच पोर्ट काम करतो. ऑस्ट्रेलियातल्या नेव्हिल थीलने १९६१ मध्ये तो हिशेब मांडला, रिचर्ड स्मॉलने पुढे नेला, आजही जग त्यावर चालतं. आमच्या कारागिराचा हिशेब हाताशी असलेल्या पाइपच्या तुकड्यावर चालला.

तिसरी परीक्षा मल्टिमीटरची, विजेला होणारा अडथळा ओहममध्ये मोजायची. आठ ओहमच्या वूफरची कॉइल पाच-सहा ओहमच्या घरात दाखवायला हवी. दाखवली ३.४. "गाडीचा आहे," इंजिनिअर म्हणाले. मी तरी म्हटलं, कॉइल नवीन भरली असेल. मग आम्ही कापड काढलं.

काळा चकचकीत कोन, रबराची जाड कडा, मधोमध चंदेरी टोपी. मूळ वूफर बोल्टने खोक्यात आवळलेला होता आणि खाली काळी पुट्टी थापलेली होती, हवा निसटू नये म्हणून. इथे लाकडात मारायचे चार साधे स्क्रू, त्यातलाही एक तिरका. आत काचलोकरीची गच्च गादी असायला हवी, ती गायब. मागच्या भोकात प्लंबरचा पीव्हीसी पाइप, त्यावरचे दाबाचे छापील आकडे अजून वाचता येत होते. दोन्ही खोक्यांत हेच.

गाडीच्या चार ओहमच्या वूफरची गंमत अशी की नॉब तेवढाच ठेवून तो ॲम्प्लिफायरमधून दुप्पट वीज ओढतो, म्हणजे आवाज तीन डेसिबलने मोठा. आणि मोठा आवाज कानाला नेहमी चांगलाच वाटतो. ॲम्प्लिफायर तापत होता तो त्यामुळेच. माझा आनंद त्या तीन डेसिबलचा होता.

मग मी तो व्हिडिओ काढून दाखवला, त्याच्या दुकानातला. इंजिनिअरांनी तो थांबवला, मोठा केला. एआरच्या मागे १, २ आणि टी असे तीन स्क्रू असतात. उजव्या खोक्याला लाल वायर २ ला होती. डाव्याला १ ला. म्हणजे एक कोन पुढे येतो तेव्हा दुसरा मागे जातो, आणि खालचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात. वरचे सूर वाजत राहतात, म्हणून स्पीकर चालू वाटतो, फक्त पोट गेलेलं. चांगल्या जोडीचा बेस दोन वायरींची अदलाबदल करून घालवायचा आणि 'मॅग्नेट उतरलाय' म्हणायचं. स्क्रू-ड्रायव्हरचंही तसंच. धड वूफरमध्ये चुंबकाची ताकद आत कॉइलच्या फटीत खेचून घेतलेली असते, बाहेर किती चिकटतं यावरून काहीच कळत नाही. आणि फेराइटचं चुंबक नुसतं वय झालं म्हणून उतरत नाही. वायरी सरळ आहेत का ते घरी दीड व्होल्टच्या सेलने कळतं. क्षणभर टेकवायचा, दोन्ही कोन एकाच बाजूला हलायला हवेत. हे मला आधी ठाऊक असतं तर दुकानातच संपलं असतं.

दुकानात गेलो. पावती होती 'दोन स्पीकर रिपेर, पूर्ण' एवढीच, ना तारीख ना शिक्का. "काका, जुने कोन जळलेले होते, भंगारात गेले." मी व्हिडिओ दाखवला. तो म्हणाला वायर पोराने लावली असेल. मी म्हटलं, यूपीआयची नोंद माझ्याकडे आहे, १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करतो आणि मग जिल्हा ग्राहक आयोगात. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही आणि दोन वर्षांची मुदत असते, एवढं वाचून गेलो होतो. आयोगापुढे माझं प्रकरण किती टिकलं असतं देव जाणे. काय दिलं, त्याचा कागदावर पुरावाच नव्हता. देताना वूफरच्या मागे मार्करने सही केली असती, एक फोटो काढला असता, वजन आणि ओहम पावतीवर लिहून घेतले असते, जुना माल परत द्यायचा अशी ओळ टाकून घेतली असती, तर त्याला भंगारवाला आठवलाच नसता. आणि मुळात दोन्ही दिले कशाला? एक घरी ठेवला असता तर परत आलेल्याची त्याच्याशी शेजारी लावून परीक्षा झाली असती. एकच दिला असता तर वायर उलटी लावायलाही दुसरा नव्हता.

तासाभराच्या बोलाचालीनंतर त्याने ७,००० परत केले आणि पोटमाळ्यावरून एक वूफर काढून आणला. माझाच होता. कडेला काळी पुट्टी, आणि पुट्टीत आमच्या खोक्याच्या लाकडाची साल अडकलेली. फाटका डावा. उजवा, शाबूत असलेला, आधीच कुणा शौकिनाकडे गेला होता. अशा जुन्या वूफरला गिऱ्हाईक असतं हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

तो एक वूफर आम्ही घरीच केला. जुना फोम खरवडायला दोन संध्याकाळी गेल्या. मधली टोपी ब्लेडने उचलून कॉइलभोवती आईच्या जुन्या एक्स-रेच्या पट्ट्या खोचल्या, म्हणजे कोन बरोबर मध्ये राहतो, मग मऊ फोमची कडी चिकटवली. रबराची घेऊ नका असं इंजिनिअरांनी बजावलं होतं, ती ताठर, तिने बेस खालपर्यंत उतरत नाही. रात्रभर वाळल्यावर पट्ट्या काढून ३० हर्ट्झचा सूर लावला. कुठेही घासल्याचा आवाज नाही. मागच्या भोकात प्लायवूडची चकती आणि फेव्हिकॉल, आत काचलोकर, कडेला नवी पुट्टी. पुण्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या तपकीर गल्लीतून कपॅसिटर आणले होते, पण जुने मोजले तर ठीक निघाले, तसेच ठेवले. सगळा खर्च दोन हजारांच्या आत.

दुसरं खोकं सध्या गॅलरीत आहे, त्यावर बायकोने तुळशीच्या रोपाची कुंडी ठेवली आहे. तसा वूफर मिळतो का ते शोधतोय. दाबून पाहिला तर डावा आता पुन्हा रेंगाळत परत येतो. रात्री त्या एकाच स्पीकरवर आप्पाकाकांच्या आकाशवाणीच्या जुन्या टेपा लावतो. त्या मुळातच मोनो आहेत.