जुळी बाबागाडी की अंगावरची झोळी?

लातूरहून धाकट्या बहिणीचा फोन आला. थोरला दोन वर्षांचा, धाकटी दोन महिन्यांची. पायी निघायचं तर दोन सीटची बाबागाडी घ्यावी की बाळ बांधायची झोळी?

मी दोन्ही वापरलंय. झोळी कितीतरी स्वस्त. जुनं सुती लुगडंही चालतं, फक्त बांधायला जाणत्या बाईकडून शिकावं. रस्त्याचं म्हणाल तर लातूरच्या गंजगोलाई बाजारात सोळा रस्ते मिळतात, हातगाडे, दुचाक्या, गटारावरच्या फरश्या. अशाच एका फटीत माझ्या गाडीचं चाक रुतलं, तेव्हा दोन्ही लेकरं उचलून गाडी ओढावी लागली. झोळीत थोरल्याचं बोट धरायला हात मोकळा राहतो. मात्र तो दमून 'कडेवर घे' म्हणाला की कंबर धरते. उन्हाळ्यात झोळीतलं बाळ घामेजतं. गाडीवर ओढणी टाकली तर आत जास्तच कोंडतं, म्हणून सकाळी आठच्या आत फिरून यावं. झोळीत बाळाचं तोंड दिसत राहावं, हनुवटी छातीला टेकू नये.

बाजार, देऊळ, दवाखाना असेल तर झोळीच. कॉलनीतला सपाट सिमेंट रस्ता, लांब फेरी किंवा सिझेरियननंतर ओझं झेपत नसेल तर गाडी. पण धाकटीची सीट पूर्ण आडवी होणारी बघून घे.